आमच्या तरुण संघानं कबरस्थान रंगवलं

ये गं, अशी जवळ ये. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेव बघू. नाताळात आलीस ती कशी आलीस? दारात चप्पल अर्धी काढलेली, हातात केळीच्या वेफरची पिशवी, आणि "मावशी, निघते, जळगावची बस आहे." वेफर चांगले होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मला भेटायला तू आली होतीस की वेफर?

आणि परवा फोनवर काय म्हणालीस? तुमच्या चर्चनं तुला तरुणांचं काम बघशील का म्हणून विचारलं आणि तू नाही म्हणालीस. वर मलाच शिकवलंस, "मावशी, ती पोरं हाताबाहेर गेलेली आहेत, त्यांना आत घेतलं की चर्चला डोकेदुखी. आणि तू या वयात धुळ्यात त्यांच्यामागं कशाला फिरतेस?" फोन होता म्हणून वाचलीस, समोर असतीस तर कान धरला असता. आता कागदावर का होईना, बस आणि ऐक. मी शिकलेली बाई नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढचं वाचन मिशनच्या मुलांच्या बोर्डिंगात स्वयंपाक करताना, डाळ-गुळाच्या पुड्यांच्या कागदांवर आणि बायबलावर झालं. त्यामुळं मुद्दे मांडून पटवायचं मला जमत नाही. घडलं ते सांगते.

आमचं बोर्डिंग बंद झालं तेव्हा स्वयंपाकघराची किल्ली मी पाळकसाहेबांकडं दिली. धान्याच्या कोठीची किल्ली मात्र माझ्या कनवटीला राहिली. कुणी मागितली नाही, मी दिली नाही. चर्चच्या कंपाउंडची भिंत कमरेएवढी, तिच्यावर संध्याकाळी पोरं बसायची. आपल्याच लोकांची पोरं. कुणी दहावी नापास, कुणी नववीतच पुस्तकं रद्दीत घालून मोकळा झालेला, एकाला ट्रॅक्टरची बॅटरी चोरली म्हणून चौकीत नेऊन आणलेलं. गालात पुडी, डोळे तांबारलेले. रविवारी यांचे आईबाप आत गायन म्हणायचे आणि हे बाहेर भिंतीवर. चर्चच्या पंचांपैकी कुणीतरी म्हणालं, भिंतीवर काचा लावून टाकू. मी म्हटलं, काचा लावल्या तर ही पोरं बसतील कुठं? निदान भिंत तरी आपली आहे.

त्या शनिवारी मी कोठीची खोली झाडली, मोठं पातेलं भरून खिचडी केली आणि झाकण काढून ठेवलं. वास भिंतीपर्यंत जातो हे बोर्डिंगमुळं मला ठाऊक होतं. थोड्या वेळानं एक जण आला, दार धरून उभा राहिला.

"अक्का, काही कार्यक्रम आहे का?"

"खिचडीचा आहे."

तो भिंतीकडं वळून म्हणाला, "या रे, भाषण नाहीये."

तेव्हापासून शनिवारची दुपार म्हणजे तरुण संघ. भाषण हळूहळू सुरू झालं, पण बेतानं. एक गायन, शास्त्राचा एक भाग, त्या भागावरून भांडण, मग कॅरम, मग जेवण. पाळकसाहेब वयानं तरुण आहेत, गिटार घेऊन येतात. पोरांना गिटार आवडते, पाळकसाहेबांचा आवाज आवडत नाही, आणि ती तसं तोंडावर सांगतात. पाळकसाहेब हसतात आणि आणखी एक कडवं म्हणतात.

नियम एकच. हजेरी नाही, फी नाही, पण जो शनिवारी आला नाही त्याच्या घरी सगळ्यांनी जायचं. सगळ्यांनी. जाऊन बसायचं. का आला नाहीस असं विचारायचं नाही, उपदेश करायचा नाही आणि चहा आल्याशिवाय उठायचं नाही. आता एवढी पोरं एका खोलीच्या घरात मांडी घालून बसली की चहा ठेवावाच लागतो. एकाची आई म्हणाली, "अक्का, मला दूध परवडत नाही. त्यापेक्षा मीच याला दर शनिवारी आणून सोडते." आणि सोडायला लागली.

बॅटरीवाला एकदा आला नाही. गेलो तर त्याचा बाप दारात पिऊन पडलेला. पोराला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आम्हाला रस्त्यावरूनच घालवायला लागला. पण पोरं आत गेली. त्यांनी बापाला उचलून खाटेवर कुशीवर झोपवलं, पंखा लावला आणि त्याच्याच उशाशी बसून चहा प्यायली. अगं, निम्म्यांच्या घरी तेच चाललेलं होतं. रोज भिंतीवर मांडीला मांडी लावून बसत होते, तरी एकमेकांना ते त्या दिवशी कळलं. त्यानंतर बॅटरीवाल्यानं एकही शनिवार चुकवला नाही.

मग ती आली. सोळा वर्षांची, पिंपळनेरच्याही पलीकडच्या एका पाड्यावरची. आई वारलेली, बाप सुरतेला साड्यांच्या कारखान्यात. धुळ्यात मामानं ठेवून घेतलेली. मामा रंगारी, लोकांच्या घरांना चुना-डिस्टेंपर मारायची कामं घेतो. आमच्याच चर्चचा, पण नाताळालाच दिसायचा. त्यानं तिला माझ्यासमोर आणून उभी केली आणि तिच्या देखतच सांगायला लागला.

"अक्का, हिनं शाळेत एका पोराच्या थोबाडीत दिली. दहावीला गणितात गेली. दोनदा एसटी स्टँडवरून धरून आणली. माझ्या बायकोशी हिचं पटत नाही. आता शेवटचं म्हणून तुमच्याकडं आणलीय. चर्चमधून हिची एक जरी तक्रार आली, तरी सुरतेला बापाकडं पाठवून देणार. मग मला कुणी बोलायचं नाही."

पोरगी मान खाली घालून नव्हती. सरळ माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "खिचडीमा शेंगदाणा शेतस का?"

म्हटलं, "आहेत."

"मग बसस मी."

सुरत म्हणजे काय ते तिनं मला नंतर भांडी घासताना सांगितलं. बापाच्या खोलीत पाच-सहा माणसं, पाळीपाळीनं झोपणारी. मागच्या वेळी गेली तेव्हा ही जिन्यात झोपायची. दिवसभर साड्यांच्या घड्या घालायच्या आणि संध्याकाळी त्या माणसांच्या भाकरी थापायच्या. "अक्का, मी तठे गयी का दहावी गयी," म्हणायची. जुलैत तिला गणिताचा पेपर पुन्हा द्यायचा होता. तेवढं एक तिनं घट्ट धरून ठेवलं होतं. तिला गणित शिकवायला बसला आमचा बॅटरीवाला. त्याला गणित येतं हे तोपर्यंत त्यालासुद्धा माहीत नव्हतं.

शास्त्रात तिला योना फार आवडला. देवानं एकीकडं जायला सांगितलं आणि हा गडी जहाजात बसून दुसरीकडंच निघाला, हे ऐकताना तिनं कॅरमची सोंगटी हातातच धरून ठेवली.

"त्याला तिकिटाचे पैसे कुणी दिले?"

पाळकसाहेबांनी बायबल उघडून बघितलं. "त्यानंच भाडं दिलं, असं लिहिलंय."

"मग श्रीमंत होता तो. आम्हाला तर कंडक्टर अर्ध्या वाटेत साक्रीलाच उतरवतो."

त्या दिवशी पाळकसाहेबांना पुढची प्रार्थना हसू आवरून करावी लागली.

आता मुद्द्याची गोष्ट. ईस्टरच्या पहाटे आमची उपासना कबरस्थानात होते. लोक टॉर्च घेऊन अंधारात जातात आणि उजाडताना गायन सुरू होतं. त्याआधीच्या आठवड्यात ज्यानं त्यानं आपल्या माणसाची कबर साफ करायची, चुना मारायचा आणि काळ्या रंगानं नाव पुन्हा गिरवायचं. संगमरवर आमच्यात कुणाला परवडतो? सिमेंटचा चौथरा, सिमेंटचा क्रूस आणि त्यावर ऑइलपेंटनं लिहिलेलं नाव. धुळ्याचं ऊन असं, की वर्षभरात अक्षरांच्या खपल्या निघतात. पण आता बऱ्याच जणांची मुलं पुण्या-नाशकाला गेली. गवत गुडघ्याएवढं, क्रूस काळवंडलेले. म्हणून पाळकसाहेब तरुण संघाला म्हणाले, यंदा गवत तुम्ही काढा.

ती म्हणाली, "नुसतं गवत? चुना का नको?"

चुन्यासाठी मी बाजारात गेले. तिथले मारवाडी शेठ मला बोर्डिंगच्या किराण्यापासून ओळखतात. म्हणाले, "अक्का, यंदा कुणाला चुना लावताय?" म्हटलं, "जे उठून भांडायला येणार नाहीत त्यांना." शेठ इतके हसले की दोन गोण्या चुना आणि वर निळीची पुडी तशीच देऊन टाकली.

आणि नेमका कामाच्या शनिवारी भडगावला चुलत भावाच्या नातवाचा साखरपुडा. जाणं भाग होतं. पोरांना म्हटलं, डोक्याला रुमाल बांधा, पाणी पीत राहा, काम नीट करा. साखरपुड्यात माझं लक्ष कसलं लागतंय? जेवले आणि दुपारच्या बसनं परत फिरले ती थेट कबरस्थानात.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांवर आडवा हात धरावा लागला. सगळं कबरस्थान पांढरंशुभ्र, निळीची नुसती झाक. गवताची काडी नाही. पोरं कडुनिंबाखाली बसलेली, भुवयांना चुना, केसांना चुना, एकमेकांना म्हातारबा म्हणून चिडवत होती. ती मधोमध कमरेवर हात ठेवून उभी.

"देख अक्का. बठ्ठं नवं."

"खरंच गं, सगळं नवं! किती छान केलंत रे," मी म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं. मग माझ्या सासूबाई कशा दिसतात ते बघायला दुसऱ्या ओळीत गेले. चौथरा होता, क्रूस होता, नाव नव्हतं. शेजारच्या कबरीवर नव्हतं. पुढच्या ओळीत कुठंच नव्हतं.

"नावं कुठं आहेत रे?"

"कुठली नावं?" बॅटरीवाल्यानं विचारलं.

"क्रूसावरची. काळी."

"त्या खपल्या का?" ती म्हणाली. "त्या मी तारेच्या ब्रशनं खरवडायला लावल्या. मामा म्हणतो, खपलीवर चुना मारला का चुना पण पडतो."

"अगं, ते लोकांचं नाव होतं."

"आमना गावमा कबरले नाव नही ऱ्हास, अक्का. बठ्ठासले माहीत ऱ्हास."

तिच्या पाड्यावर माणूस पुरतात, दगड लावतात, दगडाला चुना देतात. कोण कुठं आहे ते सगळ्या पाड्याला माहीत असतं, मग लिहायचं कशाला? ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. पण बाकीचे तर धुळ्याचे. मी त्यांच्याकडं वळले.

एक जण म्हणाला, "आम्हाला वाटलं ती नंतर लिहिणार असेल. आज कॉन्ट्रॅक्टर ती होती."

"आणि मला वाटलं तुम्ही येऊन लिहिणार," दुसरा म्हणाला.

"बरं, कुणाची कुठली ते आठवतंय का?"

सगळे निंबाच्या शेंड्याकडं बघायला लागले. तिचा चेहरा मात्र चुन्यापेक्षा पांढरा झाला होता. हळूच म्हणाली, "अक्का, आता तक्रार होईल ना?"

खोटं कशाला बोलू? म्हटलं, "होईल."

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या बरोबर आठवडाभर आधीचा. उपासना सुटली आणि लोक हातात झावळ्या घेऊनच कबरस्थानात गेले. चर्चच्या दफ्तरात नावं आहेत, कोण कधी गेलं तेही आहे, पण कोण कुठं पुरलंय ते नाही. ते फक्त क्रूसावर होतं. काही बायका रडल्या. काही जणी रडता रडता हसल्या, कारण दिसत होतं मात्र सुंदर.

पंचांमध्ये एक निवृत्त गुरुजी आहेत. ताठ माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांची पत्नी तिसऱ्या ओळीत आहे. तिथं तीन चौथरे अगदी एकसारखे, एकाच गवंड्यानं बांधलेले. गुरुजी एकापुढं थांबले, दुसऱ्याकडं गेले, परत पहिल्याकडं आले. मग पाळकसाहेबांना म्हणाले, "ईस्टरनंतरच्या सभेत हा विषय घ्या. त्या मुलीच्या मामाला बोलवा. आणि हा संघ चालू ठेवायचा की नाही, तेही ठरवा." आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

ती त्या दिवशी चर्चला आलीच नव्हती. शनिवार नसला तरी नियम म्हणजे नियम, असं पोरांनीच म्हटलं आणि आम्ही सगळे मामाच्या घरी गेलो.

"काय अक्का, वरात आणली का?" मामा म्हणाला.

"बसायला आलोय, भाऊ."

मामीनं आमच्याकडं बघितलं, मग दुधाच्या पिशवीकडं बघितलं आणि आत गेली.

एक पोरगा म्हणाला, "मामा, आम्ही सगळ्यांनी मिळून रंगवलं."

"मला कामातलं शिकवू नको. कामावर एक जण सांगतो, बाकीचे ब्रश फिरवतात. सांगणारं कोण होतं?"

"मी," ती आतून म्हणाली.

"ऐकलं ना अक्का? मी काय बोललो होतो?"

"तक्रार अजून आलेली नाही. सभा ईस्टरनंतर आहे."

"आता काय यायची राहते का? सभा होऊ द्या. झाली की सुरतेची गाडी."

बॅटरीवाला म्हणाला, "पण मामा, खरवडलं एक नंबर. एक खपली नाही राहिली."

मामाच्या मिशीत काहीतरी हललं. तो भिंतीकडं तोंड करून बसला. चहा आला, आम्ही प्यायलो आणि उठलो. निघताना ती दारापर्यंत आली.

"अक्का, नावं परत लिहिता येतील का?"

"कुणाचं कुठं ते कळलं तर येतील."

"मग म्हातारासले इचारूत ना. गावमा तसंच करतस."

एवढं साधं. आणि मला रात्रभर सुचलं नव्हतं.

सोमवारी ऊन कलल्यावर महिला मंडळाला घेऊन मी कबरस्थानात गेले. खुर्च्या नेल्या, चहाची किटली नेली. पाळकसाहेबांनी ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी रिक्षा लावल्या. एकेका म्हाताऱ्या माणसाबरोबर एकेक पोरगं दिलं. म्हाताऱ्यांनी सांगायचं, पोरांनी खडूनं लिहून घ्यायचं, आणि खात्री पटली की मग रंगानं. तुला सांगते, असा आठवडा मी आयुष्यात बघितला नव्हता. तोंडं बंदच होईनात. कुणाचं कुणाशी लग्न ठरलेलं मोडलं, कोण विहिरीत पडून वाचला, कुणाच्या हातचं वांग्याचं भरीत खायला मिशनचे साहेब यायचे. पोरं आधी नावापुरती ऐकत होती, मग "पुढं काय झालं?" करायला लागली.

एक आजी बॅटरीवाल्याला एका कबरीपाशी घेऊन गेल्या. "हा तुझा आजा."

"माझा? तो कसा होता?"

"कसा म्हणजे? उनाड. त्या भिंतीवर सगळ्यात आधी बसायचा तो तुझा आजा. सायकली पळवायचा. मग कुणीतरी त्याला पेटी शिकायला बसवला. म्हातारपणी चर्चमध्ये पेटी वाजवायचा, माझ्या लग्नात वाजवलीय त्यानं."

बॅटरीवाल्यानं ते नाव लिहायला एवढा वेळ लावला की आजींचा चहा गार झाला.

दोन बहिणी दोन वेगळ्या कबरींना आपली आई म्हणून बसल्या आणि एकमेकींशी बोलेनात. तेव्हा तीच पुढं झाली. प्रत्येक क्रूस तिच्या हाताखालून गेलेला, तिला सगळे हातानं आठवत होते. "आजी, तुमच्या आईच्या क्रूसाला कधी डाग दिला होता का? सिमेंटचा?" थोरली म्हणाली, "हो गं, वादळात निंबाची फांदी पडून डावा हात मोडला होता." ती त्यांना तिथून पुढच्या ओळीत घेऊन गेली आणि त्यांचा हात त्या डागावर ठेवला. तेव्हापासून सगळे तिलाच हाका मारायला लागले. म्हाताऱ्यांना जागा आठवे ना की ते हिला विचारायचे, हिला नाव हवं असलं की ही त्यांना विचारायची.

बुधवारी गुरुजी आले. त्या तीन चौथऱ्यांपुढं हात मागं बांधून उभे राहिले. आम्ही सगळे आपापलं काम करत असल्यासारखं दाखवत होतो. ती ब्रश पुसत त्यांच्याजवळ गेली.

"गुरुजी, यांच्यातल्या मधल्या कबरीवर मेण होतं. पायाकडच्या कोपऱ्यात, थरावर थर. मला सगळ्यात जास्त वेळ ते काढायला लागला."

आता गंमत अशी, की कबरीवर मेणबत्त्या लावणं आपल्यात बसत नाही, असं चर्चमध्ये सगळ्यांना कुणी सांगत आलं असेल तर ते गुरुजी. खुर्चीतल्या आजी म्हणाल्या, "मेण? आपल्यात कोण लावतं मेणबत्ती?"

गुरुजी म्हणाले, "संध्याकाळी तिथं अंधार असतो. दिसत नाही."

"काय दिसत नाही? माणूस झोपलेलं आहे, तुम्ही काय वाचून दाखवता का त्यांना?"

"कधी कधी," गुरुजी म्हणाले.

मग हसू आवरणं कुणालाच जमलं नाही, गुरुजींनाही नाही. त्यांनी मधल्या कबरीकडं बोट दाखवून पत्नीचं नाव सांगितलं, ती लिहीपर्यंत तिथंच बसले, आणि मग उठून सगळ्या पोरांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत ओळीओळीनं हिंडले. गुरुवारीही आले. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, उपासनेनंतरही आले. पण तक्रारीबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि विचारायची आमची छाती झाली नाही.

शनिवारी दुपारी फाटकातून मामा आला. हातात काळ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश. मला वाटलं, भांडायला आलाय. त्यानं पहिल्या ओळीवरून नजर फिरवली.

"ही अक्षरं चढावर निघालीत. दोरी मारली नाही का?"

"दोरी कुठली?" पोरांनी विचारलं.

त्यानं खिशातून दोरी काढली, खडूत घोळली, दोन टोकं दोघांच्या हातात दिली आणि क्रूसावर मारली. सरळ रेघ उमटली. मग काय, संध्याकाळपर्यंत दोरी मारत आणि पोरांना बोलत राहिला. "अरे, ब्रश आहे तो, झाडू नाही." पोरं खुशीत. शिव्या खाऊनही खुशीत.

सगळं संपत आलं तेव्हा तो कोपऱ्याकडं गेला. तिकडं ज्यांना सिमेंटसुद्धा झालं नाही त्यांच्या नुसत्या मातीच्या कबरी आहेत, उशाशी एक दगड. ते दगडही पांढरे झालेले बघून तो थांबला.

"इथं चुना कुणी मारला?"

"मी," ती म्हणाली.

"इथं तर क्रूस पण नाही."

"आमना गावमा असाच ऱ्हातस. माले वाटनं, ह्या आमनाच शेतस."

मामा खाली बसला. एका दगडावर हात ठेवून म्हणाला, "हाई मनी माय शे. तुनी आजी."

आजी धुळ्यात दवाखान्यात वारली एवढंच तिला माहीत होतं. मामा तेव्हा नवखा, हाताला काम नव्हतं, आईला चौथरा बांधता आला नाही. पुढं कामं मिळाली, पण तोपर्यंत तिथं यायचीच लाज वाटायला लागली. नाताळाला येणारा हा माणूस ईस्टरच्या पहाटे कधीच का दिसत नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

ती त्याच्याजवळ बसली. "नाव काय लिहू?"

आजीचं नाव तिला माहीत नव्हतं गं. मामानं सांगितलं. दगड खडबडीत, दोरी बसेना, तर त्यानं बोटानं रेघ धरून ठेवली आणि तिनं त्या बोटाच्या आधारानं लिहिलं. लिहून झाल्यावर त्यानं रंगाच्या डब्याचं झाकण लावलं.

"अक्षर चांगलं आहे. मग गणितात कशाला गेलीस?"

"तिथं अक्षराला मार्क नसतात, मामा."

तो हसला. तिच्यासमोर हसताना मी त्याला पहिल्यांदा बघितला.

ईस्टरच्या पहाटे लोक आले तेव्हा पोरं ओळीओळीत उभी होती, टॉर्च धरून, थेटरातल्या माणसासारखी. "काकू, तुमची इकडं. आबा, जपून, पुढची तुमची." पुण्याहून आलेल्या एकाला स्वतःच्या आजोबांची कबर बॅटरीवाल्यानं दाखवली आणि आजोबांबद्दल चार गोष्टीही सांगितल्या. मामा आणि मामी कोपऱ्यात उभे होते, ती दोघांच्या मध्ये. उजाडलं, गायन सुरू झालं, पाळकसाहेबांचा आवाज नेहमीसारखाच लागला आणि त्या दिवशी कुणालाही तो वाईट वाटला नाही. प्रभू उठला आहे हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या सकाळी एवढी पोरं ताठ उभी बघितली आणि मला ते नव्यानं पटलं.

पुढच्या रविवारी सभा झाली. मामा मागच्या बाकावर बसला होता, बोलावणं होतं म्हणून आलेला. ती बाहेर पायरीवर. पाळकसाहेबांनी विषय वाचला. गुरुजी उठले, म्हणाले, "तो विषय मी दिला होता, मी मागं घेतो. मुलांना पुढच्या वर्षी ब्रश चांगले द्या. आणि गवत दर महिन्याला काढायला हवं, ते मी त्यांच्याबरोबर बघेन." बसले. झालं.

सभा सुटल्यावर मामा माझ्याकडं आला. "अक्का, शनिवारी हिला किती वाजता पाठवू?"

"आणि सुरत?"

"जुलैत पेपर आहे तिचा," तो म्हणाला, जसं काही ते मीच विसरले होते. "पेपर टाकून कुठं जाते?"

पायरीवर बसलेल्या पोरीनं ते ऐकलं. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि घरापर्यंत माझ्यापुढं पुढं चालत गेली, इतकी भरभर, की मला दोनदा थांब म्हणावं लागलं.

आता तू म्हणशील, मावशी, हे एकीचं झालं. खरं आहे, सगळ्यांचं असं होत नाही. एक जण अजून पुडी खातो. एक जण मध्येच सोडून गेला, त्याच्या घरी जाऊन आम्ही अजून बसतो, त्याची आई बिचारी चहा करते. मी प्रार्थना करते, पण प्रार्थना करून घरी बसत नाही. या पोरांना काय लागतं? शनिवारी न दिसल्यावर कुणाच्या तरी लक्षात यावं, एवढं लागतं. तेवढं आपल्याला करता येतं. प्रभूनं तरी वेगळं काय केलं? माणसांच्या घरी गेला, जेवायला बसला.

म्हणून म्हणते, तुमच्या चर्चला शेवटचं नाही सांगायच्या आधी एकदा इकडं येऊन जा. शनिवारी ये, म्हणजे पोरं भेटतील. पोरीचा पेपर अजून व्हायचाय, तू तर बँकेत आकडेमोड करतेस, दोन गणितं तिच्याबरोबर सोडव. उन्हाचं कारण सांगू नकोस, कूलर दुरुस्त करून घेतलाय. जळगावहून सकाळची बस धर, आणि मुक्कामाच्या हिशेबानं ये, परतीच्या बसचं नाव दारात काढायचं नाही. लवकर ये गं, येत्या शनिवारीच ये. तुझ्या वाटची खिचडी मी धरूनच ठेवते.